निकालाआधीची आभारसभा

माझ्या वडिलांची नोकरीच संशय घेण्याची होती. घाट उतरण्याआधी गाडी लोणावळ्याला थांबली, की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्यांच्या कडेकडेनं चालायचे आणि एकेक चाक ठोकून बघायचे. चांगलं चाक टणकन वाजतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. गाडी पुण्याहून तपासून आलेली असो, ड्रायव्हर कितीही ओळखीचा असो, बाबा म्हणायचे, "असेल हो चांगलं. पण माझ्या कानाला कळू दे." आणि ठोकायचेच.

हाच माणूस घरी आला, टोपी खुंटीला अडकवली, की मग त्याला जगात काही म्हणजे काही ठोकून बघावंसं वाटत नसे. रॉकेलवाल्याच्या मापावर विश्वास, भाच्यांच्या थापांवर विश्वास, आणि देवावर तर इतका विश्वास की आईला कधी कधी धडकी भरायची. आम्ही ख्रिस्ती. बाबा मूळचे नगरकडचे, रेल्वेच्या नोकरीनं लोणावळ्याला आलेले. चर्चमध्ये त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. पेटीवाला बिचारा त्यांना गाठायला धावायचा. रोज संध्याकाळी दिवा लावला की घरात आम्ही तिघंच प्रार्थनेला बसायचो, आणि बाबांची प्रार्थना म्हणजे मेल गाडी, एकदा सुटली की कर्जतपर्यंत थांबत नसे. आमटी गार व्हायची.

माझं मात्र तसं नव्हतं. माझी आणि देवाची पहिली भानगड झाली ती मी सात-आठ वर्षांची असताना, आणि ती एका डोंगरावरून. रविवारच्या शाळेत बाईंनी सांगितलं, की मोहरीएवढा विश्वास असला तरी डोंगराला सरक म्हटलं तर तो सरकतो. हे सपाटीवरच्या पोरांना सांगितलं तर एक वेळ ठीक. आम्ही पडलो लोणावळ्याचे! खिडकी उघडली की डोंगर. मी काही हावरी नव्हते. समुद्रात जाऊन पड वगैरे म्हटलं नाही. तुंगार्लीच्या अंगाचा डोंगर फक्त वीतभर खंडाळ्याकडे सरकावा, एवढंच मागणं. खिडकीच्या गजाशी त्याचं टोक जुळवून ठेवलं होतं. सकाळी जाग आली की उशीवरूनच बघायची. ढगात गेला की वाटायचं, आता आतल्या आत सरकत असणार! ढग उठले की मेला तिथंच.

शेवटी मी बाबांना सांगितलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, "अगं, पण खंडाळ्याच्या लोकांना विचारलंस का? त्यांच्या दारात डोंगर गेला तर त्यांनी काय करायचं?" मग आई हसली, शेजारी हसले, चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत गोष्ट गेली, तेही हसले. हसून झाल्यावर सगळे विसरले. मी काही विसरले नाही.

मॅट्रिकला आले तोवर माझी अशी गत झाली होती, की प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि माझे उघडे. बाकीच्यांना मिटल्या डोळ्यांनी काय दिसतं ते बघत बसायची. गाणी मात्र मनापासून म्हणायची, कारण चाली छान होत्या. एकदा आई भाकरी थापत होती तेव्हा धीर करून विचारलं, "आई, देव नसलाच तर?" आईनं मान वर केली नाही. "नसला तर नसला. तू आधी पाणी भर, नळ जाईल." आईचा विश्वास असा होता, त्याला कुणी काय विचारणार!

आता परीक्षेचं सांगते. मराठी बरं गेलं, इतिहास झकास गेला, इंग्रजीही निभावलं. बीजगणिताच्या पेपराला मात्र मी नुसती बसून होते. प्रश्न वाचावा, पेन्सिल चावावी, पुढचा प्रश्न वाचावा. घरी येऊन सरळ सांगून टाकलं. लपवाछपवी मला कधी जमलीच नाही.

"बाबा, बीजगणित गेलं."

"काही जात नाही," बाबा म्हणाले. ते बूट काढत होते. "मी प्रार्थना केलीय."

"बाबा, मी निम्मा पेपर कोरा दिलाय!"

"अगं, देवाला येतं बीजगणित," असं म्हणून त्यांनी दुसरा बूट काढला.

हे इथंच थांबलं असतं तर मी काही आज सांगत बसले नसते. पण निकालाला आठवडाभर असेल-नसेल, तेव्हा रविवारी उपासना संपल्यावर, सूचना सांगायच्या वेळी बाबा उठून उभे राहिले. आमच्यात रीत अशी आहे: कुणी आजारातून उठलं, बाळंतपण सुखरूप झालं, नोकरीत बढती मिळाली, की घरी मंडळींना, म्हणजे चर्चमध्ये येणाऱ्या सगळ्यांना, बोलवायचं. दोन-चार गाणी, पाळकांचे दोन शब्द, प्रार्थना आणि मग जेवण. त्याला आभारसभा म्हणायचं. तर बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी मुलगी मॅट्रिक पास झाल्याबद्दल येत्या शनिवारी आमच्या घरी आभारसभा आहे. सर्वांनी यावं."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बायका हात दाबून अभिनंदन करायला लागल्या. पाळकसाहेब चष्मा सावरत म्हणाले, "वा! निकाल कधी लागला?"

"लागला नाही. लागेल पुढल्या आठवड्यात," बाबा म्हणाले.

"मग आभार..."

"साहेब, काम झाल्यावर आभार काय, कुणीही मानतं. विश्वास असेल तर आधी मानावेत!"

पाळकसाहेबांनी सूचनांची वही मिटली. आता याला ते तरी काय बोलणार? दर रविवारी तेच तर सांगत होते.

घरी आल्यावर आईनं पदर खोचला. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! अहो, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं ठोकता ना? मग लेकीला एक टोला हाणून बघा की! टण वाजतेय का बद्द, ते तरी कळू दे."

"लेक म्हणजे काय मालगाडी आहे?" बाबा हसून म्हणाले. त्यांना भांडणात राग यायचाच नाही, हे आईचं मोठं दुःख होतं.

मी संध्याकाळी पुन्हा त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, खरंच सांगते, मी नापास होणार आहे. सभा नका घेऊ."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू कशाला घाबरतेस, बाळ? हे आता तुझं काम राहिलंच नाही. हे त्याचं काम." आणि वर बोट दाखवलं.

म्हणजे मी नापास झाले तर तो नापास! मला माझं काही वाटत नव्हतं. ऑक्टोबरला पुन्हा बसता येत होतं, जगात पोरी नापास होतच होत्या. पण बाबांचं काय? माझा देव त्या डोंगरापाशीच अडकला होता. बाबांचा देव धडधाकट होता, आणि आमच्या घरात सगळ्यांचं त्याच एकावर भागत होतं. आता साऱ्या मंडळीच्या देखत तो मोडणार होता, आणि कशानं? तर माझ्या बीजगणितानं. मला रडूच फुटलं. बाबांना वाटलं, पोरगी आनंदानं रडतेय.

शनिवार उजाडला. आईच्या खुराड्यात सहा कोंबड्या होत्या, अंड्यावरच्या. त्यातल्या चार गेल्या. माझ्या बीजगणितापायी चार कोंबड्या! मी मसाला वाटत होते आणि पाट्यावर टिपं गळत होती. आई म्हणाली, "कांद्यानं होतं तसं." तिला सगळं कळत होतं.

भाजे गावाहून एक मावशी आमच्याकडे दूध घालायची. मळवलीला सकाळच्या गाडीत बसून यायची, डोक्यावर चुंबळ, हातात किटली, आणि तोंड तर स्टेशनपासूनच सुरू. शेतकऱ्याची बायको, बाबांना भाऊ म्हणायची. त्या दिवशी खिरीसाठी जास्त दूध सांगितलं होतं म्हणून ती मागच्या दारी उभी राहिली.

"काय गं बाई, येवढी कशाची गडबड?"

"पोरगी मॅट्रिक पास झाली म्हणून आभार मानायचेत देवाचे," आई म्हणाली.

"झाली व्हय पास? बरं झालं!"

"झाली नाही. व्हायचीय."

मावशीनं किटली खाली ठेवली. "आता गं बया! आमी आदी काम करून घेतो, मंग नवस फेडतो. तुमी आदीच फेडून मोकळं? आता त्यो देव कशापायी पळापळ करंल?"

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाबा आतून आले. "मावशी, आमच्यात नवस नसतो."

"मंग ह्ये काय हाय?"

"विश्वास."

"लय म्हाग हाय भाऊ तुमचा इस्वास," मावशी खुराड्याकडे बघत म्हणाली. "चार कोंबड्या!"

संध्याकाळी घर भरलं. अंगणात सतरंज्या, पेटी, तबला, टाळ. सभेची गोम अशी, की कशाबद्दल आभार मानायचे ते कुणालाच धड कळत नव्हतं, पण रश्शाचा वास सुटला होता आणि बाबा असे काही गात होते की कुणाला शंका घ्यायची सोयच नव्हती. पाळकसाहेब उठले. चांगला माणूस, खोटं बोलायचा नाही. त्यांनी डोळे मिटून फार जपून प्रार्थना केली. "जे झालं त्याबद्दल, जे होणार आहे त्याबद्दल, आणि जे होणार नाही, त्याबद्दलसुद्धा..." इथं बाबांनी एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. माझे दोन्ही उघडेच होते, म्हणून मला दिसलं. नंतर मंडळी चाटूनपुसून जेवली. जाताना प्रत्येकानं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "शाब्बास." असं वाटलं, जमीन फाटावी आणि मला पोटात घ्यावं.

निकाल लागला तेव्हा पावसानं धरलेलं होतं. शाळेत बाईंनीच बोलावून सांगितलं, "गणित राहिलं गं. बाकी सगळं निघालं." मी मान हलवली. घरी न जाता तशीच स्टेशनवर गेले. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको.

प्लॅटफॉर्मला गाडी लागली होती. बाबा पलीकडच्या बाजूनं चाकं ठोकत येत होते, अंगावर रेनकोट, टोपीतून पाणी गळतंय. शेवटच्या डब्याला वळसा घालून अलीकडे आले, तर समोर मी. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना कळायला हवं होतं, पण त्यांच्या भुवया अजून वरच होत्या, गोड बातमी ऐकायला. मी मान हलवली. नाही.

ते उभेच राहिले. गार्डानं हाक मारली, "काय झालं?" मग बाबा भानावर आले आणि या बाजूची चाकं ठोकायला लागले. मी छत्री धरून त्यांच्या बाजूनं चालले. टण. टण. टण. ते प्रत्येक चाकापाशी वाकायचे, ठोकायचे, कान द्यायचे, पुढे जायचे. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटत होतं, एक तरी चाक बद्द बोलू दे, म्हणजे हे कुणावर तरी ओरडतील तरी. पण सगळी चाकं चांगली होती. गाडी सुटली. बाबा म्हणाले, "घरी जा. भिजू नकोस."

संध्याकाळी दिवा लागला. आम्ही तिघं नेहमीसारखे बसलो. बाबांनी डोळे मिटले. मी वाट बघतेय, आई वाट बघतेय, मेल काही सुटेना. बाहेर पन्हळीचं पाणी पडत होतं तेवढंच. आईनं हळूच खाकरून बघितलं. नाही. मी पाहिलं, तर बाबांचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. इतकी वर्षं तो आवाज मला नकोसा झाला होता, आमटी गार करणारा, लांबच लांब. त्या दिवशी तो नव्हता आणि घर खायला उठलं.

मग मीच बोलायला लागले. कशी, ते मला आजही सांगता येणार नाही.

"देवा, मी बोलतेय. ओळखलंस का माहीत नाही. ती डोंगरवाली. तू आहेस की नाही हे मला अजून नक्की सांगता येत नाही, आणि उगाच आहेस म्हणून तुझ्या तोंडावर खोटं बोलत नाही. पण आमच्या वडिलांना तू हवा आहेस. ते तुझ्यावर रुसलेत. आज ते बोलणार नाहीत, तेव्हा असलास तर तूच त्यांची समजूत काढ. ते तुझ्याशी फार चांगले वागलेत. बीजगणिताचं माझं मी बघते. आमेन."

आई आमेन म्हणालीच नाही. बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. मी घाबरून त्यांचा हात धरला, तर ते हसत होते. "डोंगरवाली!" एवढंच त्यांना म्हणता आलं, आणि पुन्हा हसू. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं हसण्याचं कुठलं आणि रडण्याचं कुठलं, ते त्यांनाही ठाऊक नसणार.

थोड्या वेळानं तोंड पुसून म्हणाले, "रुसलोय हे त्याला सांगायची काय गरज होती?"

"मग प्रार्थनेत खोटं बोलू?"

"नको," ते म्हणाले. "खोटं नको." मग आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी जन्मात त्यांच्याकडून ऐकीन असं वाटलं नव्हतं ते बोलले. "तुला एक सांगू? मलाही कधी कधी आतून बद्द ऐकू येतं. नाइट ड्यूटीला, एकटा असलो की. म्हणून तर मी मोठ्यानं गातो."

आई म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"लग्नापासून. जेवायला वाढू?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण नापास झाल्याच्या दिवशी मी इतकी पोटभर जेवले, की पास होऊनही कुणी जेवलं नसेल. मला एवढा आनंद का झाला होता ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. माझ्या घरात मी एकटी नव्हते.

पुढच्या रविवारी उपासनेत बाबा उभे राहिले. सगळ्यांना कळलेलं होतंच. कुणी पुस्तकात तोंड घातलं, कुणी पोराचं नाक पुसायला लागलं. बाबा म्हणाले, "मी आभारसभा घेतली. मंडळी जेवून गेली. मुलगी नापास झाली. मला देवाचा राग आला होता, थोडा अजून आहे. पण मानलेले आभार मी परत मागत नाही. एवढंच सांगायचं होतं." बसता बसता पुन्हा उठले. "आणि पुढच्या वेळेला आधी मुलीला विचारीन."

चर्चमध्ये असा हशा मी त्याआधी ऐकला नव्हता. उपदेश करायला पाळकसाहेब उभे राहिले, त्यांनाही हसू आवरेना. बाहेर पडल्यावर त्यांनी बाबांना गाठलं. "कोंबडी मीही खाल्लीय. दोनदा रस्सा घेतला होता. तेव्हा हिचं गणित माझ्याकडे." ते कॉलेजात गणित शिकलेले होते, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग त्या पावसाळ्यात मी आठवड्यातून तीनदा पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात. ते फळ्यावर लिहायचे, "क्ष मानू." मी एकदा चिडून म्हटलं, "जे माहीत नाही, ते आधीच मानायचं कसं?" ते म्हणाले, "मानायचं आणि पुढं जायचं. चुकलं असेल तर शेवटी ताळा करताना कळतंच." मी म्हटलं, "आणि तुमचं प्रवचन? त्याचा ताळा कधी?" त्यांनी खडू खाली ठेवला. "शनिवारी संध्याकाळी लिहायला बसलो की मीही हेच विचारतो बघ. आता पुढचं उदाहरण." त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रवचनाला जागी राहायला लागले.

घरी वेगळीच मजा सुरू झाली होती. बाबा ड्यूटीवरून आले की टोपी खुंटीला लावायच्या आधी विचारायचे, "टण का बद्द?"

मी खरं ते सांगायची. "अपूर्णांक टण. समीकरणं बद्द."

मग मी विचारायची, "आणि तुमचं?"

ते विचार करायचे, खरोखर कान देऊन ऐकल्यासारखे, आणि सांगायचे. कधी, "आज टण गं! खंडाळ्याकडे ऊन काय सुंदर पडलं होतं!" कधी नुसतंच, "बद्द." आणि बद्द म्हटलं की मला काळजी वाटायच्याऐवजी उलट त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटायचं. त्यांची संध्याकाळची प्रार्थना आता आखूड झाली होती. मेलची शटल झाली, आई म्हणायची. आमटी गरम मिळायला लागली. माझे डोळे मात्र कधीतरी आपोआप मिटायला लागले होते, तिकडे माझंच लक्ष नव्हतं.

ऑक्टोबरच्या पेपराचं केंद्र पुण्याला होतं, म्हणून त्या सकाळी बाबा मला गाडीत बसवायला आले. प्लॅटफॉर्मवर सवयीनं म्हणाले, "टण का..." आणि मध्येच थांबले.

"भीती वाटतेय," मी म्हटलं.

"मलाही," ते म्हणाले. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला, की गाडी सुटायची वेळ झाली तरी सोडेनात. प्रार्थना केली की नाही, विचारलं नाही. केली असणार. मीही केली.

निकालाच्या दिवशी मावशी दूध घालून निघाली होती, तेवढ्यात मी पळत आले. पास! गणितातसुद्धा! आईनं माझी दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली आणि मग आपल्यात हे करत नाहीत हे आठवून पदराला हात पुसले. मावशी किटलीसकट परत फिरली. "बघ! आता काम झालं! भाऊ, आता फेडा नवस रीतसर!"

"कशानं फेडू? दोनच कोंबड्या राहिल्यात," आई म्हणाली.

"येक म्या देते. माझ्याच दुदावर शिकली की पोर!"

बाबा ड्यूटीवर निघाले होते. हातोडी दाराशी टेकवलेली होती. त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की आता दाराबाहेर जाऊन सगळ्या क्वार्टरांना ओरडून सांगतील, येत्या शनिवारी या म्हणून. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. मग थांबले, माझ्याकडे वळले, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आधी विचारतो. आभार मानायचेत का?"

मी विचार केला. पाळकसाहेबांचा फळा आठवला, आईच्या कोंबड्या आठवल्या, प्लॅटफॉर्मवरचा हात आठवला. आभार तर इतके होते की मावत नव्हते. पण या माणसाशी आता खोटं बोलायचं नव्हतं.

"मानायचेत," मी म्हटलं. "खूप मानायचेत. पण बाबा, नक्की कुणाचे, ते मला अजून पक्कं माहीत नाही."

बाबांनी हातोडी खांद्यावर घेतली.

"चालेल," ते म्हणाले. "तू मान. पोचवायचं मी बघतो."

आणि ते गात गातच स्टेशनकडे गेले.